दत्तू जॉबरने पास केलेली गोधडी

लालबाग,
६ नोव्हेंबर १९८२

पुतळाबाईंना चिंतामणी आरोंदेकर याचा नमस्कार.

आज शनिवार. सकाळी पाणी आले, दोन बादल्या भरल्या. मिलच्या गेटवर जाऊन आलो. नवीन काही नाही. दुपारी भात केला, तो खाली लागला. वरचा खाल्ला. नंतर कमलची ट्रंक उघडली.

कमल गेली हे आपल्याला बहुधा कळले नसेल. गणपती गेल्यावर आठवड्याभराने गेली. कावीळ झाली होती. सुरुवातीला आम्ही ती साधी समजलो. आपण इथल्या बाजारात बसत होतात तेव्हा ती आपल्याकडूनच मासळी घ्यायची आणि आपल्या घरच्या गोधड्या शिवून द्यायची, एवढे मला माहीत आहे. हल्ली आपण दिसत नाही म्हणून बाजारात सखुबाईंना विचारले. संपात इथे मासळीला गिऱ्हाईक नाही, म्हणून आपण टोपली घेऊन माटुंग्याला जाता असे त्या म्हणाल्या. पत्ता त्यांनीच दिला.

ट्रंकेत आपल्या नातवंडासाठी शिवायला घेतलेली लहान गोधडी आहे. वर आपल्या जुन्या लुगड्यांची चौकड्याची ठिगळे आहेत, पाठीला मांजरपाटाचे तुकडे आहेत. साधारण अर्धे काम झाले आहे. उरलेली ठिगळे कापून, दोऱ्याने बांधून ठेवलेली आहेत. मी मिलमध्ये फोल्डिंग खात्यात कारकून आहे. कापड मोजून लिहितो, शिवणे येत नाही. तरी कोणाला तरी पाठवून आपला जिन्नस आहे तसा घेऊन जावा, ही विनंती.

चिंतामणी आरोंदेकर


शीव कोळीवाडा,
१३ नोव्हेंबर

चिंतामणी काका,

मी शांती, पुतळाबाईंची सून. सासूबाईंना लिहिता येत नाही. त्या सांगतात ते मी लिहिते. मधे मधे माझे पण असेल, ते कंसात टाकते.

त्या म्हणतात: तुम्ही माणूस आहात का कोण? बाय गेली आणि मला दोन महिन्यांनी कागद पाठवता, तो पण काय, तर जिन्नस घेऊन जा. कमल काय तुमच्या मिलचा गठ्ठा होती? मी तिला अकरा वर्षं मासळी दिली. मी टोपली उतरवली की पहिली ती यायची आणि माझ्या बोंबलाला नाव ठेवायची. रोज. आता मी माटुंग्याला बसते, तिथल्या बाया भाव पण करत नाहीत, गुपचूप घेऊन जातात. त्यात काय मजा आहे?

कागद वाचला त्या दिवशी घरात पापलेट होतं. मी हात लावला नाही. (हे खरे आहे. पापलेट मी आणि ह्यांनी खाल्ले.)

आता ऐका. अर्धी गोधडी आम्ही घरात घेत नसतो. पोराची झोप अर्धी होते. शांतीचे दिवस भरत आलेत, बारशाला गोधडी पाहिजे. कोणाकडून पण पुरी करून घ्या. चाळीतल्या बायका मेल्या काय सगळ्या? (हे लिहू का विचारले तर म्हणाल्या, लिही.)

आणि बायनं जे शिवून ठेवलंय त्याला हात लावायचा नाही. पुढचं शिवा. मागचं उसवायचं नाही. का ते विचारू नका.

(काका, तब्येतीला जपा. भात लागला तर वर ओला फडका टाकून झाकण ठेवा, वास कमी होतो. मला पहिली मुलगी आहे ती आत्ता शाईत बोट घालते आहे म्हणून आवरते.)

शांती


लालबाग,
८ डिसेंबर

पुतळाबाईंना नमस्कार.

आज बुधवार. गेटवर गेलो नाही. गोधडी पुरी झाली. आमच्या मजल्यावरचा जगदीश हे पत्र आणि गोधडी घेऊन येईल. तो विणकर आहे, विश्वासू आहे. त्याला चहा द्यावा, जेवायला बसवू नये, तो उठत नाही.

काम कसे झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

आपले पत्र आल्यावर मी शेजारच्या लक्ष्मीवहिनींना विचारले. त्या लगेच तयार झाल्या. दुपारी गॅलरीत चटई टाकून बसू लागल्या. दोन दिवस काम चांगले चालले. तिसऱ्या दिवशी त्यांचे यजमान दत्तू जॉबर मागे येऊन उभे राहिले. जॉबर म्हणजे ज्याच्या हाताखाली साचे, म्हणजे माग, आणि विणकर असतात तो. त्यांच्या हाताखाली जानेवारीपासून कोणी नाही. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वयनी, हो टाको खंय चल्लो? गावाक?"

ते स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणत नाहीत. चिडवायचे असले की म्हणतात. लक्ष्मीवहिनी टाके घालत राहिल्या. दुसऱ्या दिवशी जॉबरांबरोबर जगदीश आला, त्याच्यामागून खालच्या मजल्यावरचे आणखी काहीजण. सगळ्यांचा जन्म कापडात गेलेला आहे आणि सगळ्यांना वेळ आहे. एकाने पट्टी आणली, एकाने खडू आणला. दोरा किती नंबरचा यावर दुपार गेली. पाचव्या दिवशी लक्ष्मीवहिनींनी सुई चटईत खोचली आणि "माझ्या गोधडीत मला जॉबर नको" असे सांगून त्या आत गेल्या. त्या दिवसापासून जॉबरांच्या घरी चहा बंद आहे. ते माझ्याकडे पितात.

यानंतर काम पुरुषांनी हातात घेतले. मी नको म्हणालो होतो. माझा आवाज लहान आहे.

मधे एक अडचण आली. खालच्या मजल्यावरच्या एकाने विचारले की संप चालू असताना कापडाचे काम करणे बरोबर आहे का. यावर दोन संध्याकाळ चर्चा झाली. काहीजणांचे म्हणणे पडले की युनियनला विचारावे. शेवटी दत्तू जॉबरांनी निकाल दिला. "हेका मालक नाय. मालक नाय तर काम कसला?" ते सर्वांना पटले. मग पहिली पाळी आणि दुसरी पाळी ठरली. दुसऱ्या पाळीला कोणी आले नाही.

टाके मात्र त्यांनी मनापासून घातले आहेत. जगदीशचा हात बाईमाणसासारखा हलका आहे, हे मी त्याला सांगितलेले नाही.

पुरी झाल्यावर गोधडी गॅलरीच्या कठड्यावर टाकून उजेडात तपासली, जशी मिलमध्ये ठाण तपासतात तशी. तेव्हा जॉबरांना एक दोष दिसला. आपल्या लुगड्याच्या चौकड्यात एक दुहेरी रेघ आहे, ती सगळीकडे उभी जाते. कमलने शिवलेल्या भागात एका ठिगळात ती आडवी आली होती. आपण मागचे उसवू नका असे कळवले होते. ते मी त्यांना दोनदा सांगितले. ते म्हणाले, "हात खंय लावतंय? दुरुस्त करतंय." ते ठिगळ उसवून, फिरवून, परत बसवले आहे. आता दोष राहिलेला नाही. चाळीत सर्वांनी पाहून पास केली.

बाळंतपण सुखरूप होवो.

चिंतामणी आरोंदेकर


शीव कोळीवाडा,
२२ डिसेंबर

काका,

मुलगा झाला. दोघे ठीक आहोत. बारसे काल झाले. जगदीशभाऊ आले तेव्हा मी इस्पितळात होते, म्हणून तुमचे पत्र सासूबाईंनी ट्रंकेवर ठेवले होते आणि त्यावर मुलीने लाडू ठेवला होता. पाने चिकटली, पुढचे अजून नीट सुटे झालेले नाही, वाळले की वाचते. गोधडी बघून सासूबाई आधी रडल्या, मग तुम्हाला लिहायला सांगितले, ते असे:

चिंतामणभाऊ, तुमच्या बायकोनं मला हरवलं.

आता सांगायला हरकत नाही. बाय माझ्याकडे गोधडी शिवायची तेव्हा दरवेळी त्यात एक खोडी घालायची. नवं कापड, नवं पोर, सगळं सरळ असलं की नजर लागते, म्हणून एक ठिकाणी मुद्दाम चुकवायचं. कुठे चुकवलं ते सांगायची नाही. ते मी शोधायचं. पहिल्या वेळी ठिगळ आडवं लावलं होतं, ते मी संध्याकाळच्या आत शोधून काढलं. दुसऱ्या वेळी कापड उलट्या अंगानं. त्याला दिवस लागले. शांतीच्या मुलीच्या वेळी निळ्या ठिगळात निळाच दोरा, पण दुसरा निळा. पोरीला दात आले तेव्हा सापडला. बाजारात भर गिऱ्हाइकात बाय मला विचारायची, मिळालं का गो? मी म्हणायची, मासे घे नि चालती हो.

आमचा नेम असा, की खोडी सापडेपर्यंत पोराला त्या गोधडीवर घालायचं नाही. आता बारसं झालं तरी सापडत नाही. रेघा बघितल्या, दोरे बघितले, उलट-सुलट बघितलं. शेजारच्या बाया बघून गेल्या. हरेश्वर बघतो. (हरेश्वर म्हणजे आमचे हे. ते बघत नाहीत, बघितल्यासारखे करतात.) बाय गेली पण खोड गेली नाही. तुम्हाला ठाऊक असलं तरी मला सांगायचं नाही. मी काढणार.

(काका, त्या खरेच खुश आहेत. फक्त बाळाला रात्री माझ्या जुन्या शालीत गुंडाळावे लागते.)

शांती


लालबाग,
२७ डिसेंबर

पुतळाबाईंना नमस्कार.

आज सोमवार. सकाळी बाजारात गेलो होतो, कांदे आणले. आपले पत्र शुक्रवारी मिळाले. तीन रात्री झोप आली नाही म्हणून आज लिहीत आहे.

मी आपल्याला आठ तारखेच्या पत्रात कळवले होते. ते आपल्यापर्यंत पोचलेले दिसत नाही, म्हणून परत लिहितो. आपण शोधत आहात ती गोष्ट आता गोधडीत नाही. वरच्या बाजूने चौथ्या ओळीत एक ठिगळ आडवे होते. आमच्या चाळीतील मंडळींनी ते दोष समजून सरळ केले. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. कमलने मला या नेमाबद्दल कधी सांगितले नाही. ती आपल्याकडून येताना हसत यायची, त्याचे कारण मला आता कळले.

मी जॉबरांकडे गेलो होतो. त्यांना सगळे सांगितले. त्यांनी विचारले, मुद्दाम चुकवायचे असेल तर त्याची नोंद नको का ठेवायला. लक्ष्मीवहिनी आतून म्हणाल्या की बायकांची कामे नोंदीने होत नाहीत. एवढे त्यांच्यात महिन्याभराने बोलणे झाले.

गोधडी परत पाठवल्यास ते ठिगळ पूर्वी होते तसे आडवे करून घेता येईल. जागा जगदीशला ठाऊक आहे. चूक माझी आहे. घरात गोधडी माझ्या ताब्यात होती.

चिंतामणी आरोंदेकर


शीव कोळीवाडा,
१ जानेवारी १९८३

काका,

हे पत्र फक्त माझे आहे. सासूबाई माटुंग्याला गेल्या आहेत.

तुमचे पत्र मी त्यांना वाचून दाखवले नाही. काका लिहितात बाळाला आशीर्वाद आणि कांदे महाग झाले, असे सांगितले. आधीचे लाडवाचे पत्र पण मी सोडवून वाचले आणि परत चिकटवले.

रागावू नका. तुमच्या पहिल्या पत्रानंतर त्या माटुंग्याला जायच्या बंद झाल्या होत्या. मासे घरात पडून असायचे आणि त्या दारात बसायच्या. आता शोधायला लागल्यापासून उठून बसतात, जेवतात, टोपली घेऊन जातात, आल्यावर परत शोधतात. चष्मा लावणार नाही म्हणून चार वर्षे भांडत होत्या, तो आपणहून लावला. शोधताना त्या कमलमावशीशी बोलत असतात. मी चुलीपाशी ऐकते. कमले, इथे घातलंस काय? नाय? मग कुठे घातलंस सांग ना, सटवे. असे चालते.

आता त्यांना कळले की चाळीतल्या बाप्यांनी ते काढून टाकले, तर दोन गोष्टी होतील. एक, त्या टोपली टाकून लालबागला येतील. जॉबर भाऊंचे काही खरे नाही. दुसरी, गोधडी ट्रंकेत जाईल ती कायमची. खोडी नाही तर नेम पुरा नाही, आणि नेम पुरा नाही तर बाळ त्यावर निजणार नाही. मावशीच्या हातची शेवटची गोधडी आणि माझा मुलगा शालीत.

परत पाठवा म्हणता, पण कशी पाठवू? त्या ती उशाला घेऊन झोपतात.

आता त्या म्हणतात, काकाला लिही, मला एक खूण दे, एकच. तुम्ही वाचून दाखवता येईल असे एक पत्र लिहा. काहीतरी खूण लिहा. खोटी चालेल.

शांती


लालबाग,
६ जानेवारी

पुतळाबाईंना नमस्कार.

आज गुरुवार. पाणी उशिरा आले. आपल्या सूनबाईंनी कळवले की आपल्याला एक खूण हवी आहे. बाळाला आशीर्वाद. कांद्याचा भाव खाली आला आहे.

कमलने गोधडीत काय केले ते तिने मला सांगितले नव्हते. ती शिवायची कशी ते मी पाहिलेले आहे, तेवढे लिहितो. ती दाराशी बसायची, उजेड डावीकडून घ्यायची. कडेने सुरू करून गोल गोल आत यायची. मला वाटायचे मधून सुरू करून बाहेर जावे, पण मी बोललो नाही. तोंडात दोरा असला की ती माझ्याशी बोलायची नाही, मानेने हो-नाही करायची, त्यामुळे महत्त्वाचे प्रश्न मी तेव्हाच विचारत असे. पाच वाजता मिलचा भोंगा झाला की हातातले ठिगळ तेवढे लावून उठायची आणि चहा ठेवायची. संप झाल्यापासून भोंगा नाही. मग ती कशावरून उठायची ते मला माहीत नाही. मी घरीच होतो, पण माझे लक्ष नव्हते. चहा वेळेवर येत होता.

पाठीचे मांजरपाटाचे तुकडे मिलच्या दुकानातले आहेत, संपाच्या आधीच्या दिवाळीत मीच आणले होते. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

चिंतामणी आरोंदेकर

(सौ. शांतीबाई, ही चिठ्ठी वेगळी ठेवावी. मी कारकून आहे. खोटे लिहायला बसलो तर हात चालेना, तीन कागद फुकट गेले. जेवढे खरे होते तेवढे लिहिले आहे. यातून त्यांना काही मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. बाळाला थंडी असेल तर माझ्याकडे एक घोंगडी आहे, जगदीशबरोबर पाठवू का?)


शीव कोळीवाडा,
१५ जानेवारी

काका,

घोंगडी पाठवू नका. आधी मी सांगते काय झाले, मग सासूबाई त्यांचे सांगतील, त्या आत्ता बाजूलाच बसल्या आहेत आणि कधी लिहितेस म्हणून ढोसतात.

तुमची खूण वाचून दाखवली. सासूबाईंनी ऐकली आणि म्हणाल्या, माणूस बरा आहे पण खूण द्यायची अक्कल नाही. तरी दोन दिवस गोल गोल शोधले, कडेपासून आत. काही नाही.

काल संक्रांत. त्या सकाळीच टोपली घेऊन गेल्या. खाडीचा गार वारा होता. बाळ शाल लाथेने उडवत होते. मला आला राग, कोणाचा ते माहीत नाही. मी गोधडी काढली आणि बाळाला सरळ त्यावर घातले. अर्ध्या तासात त्याने जे करायचे ते केले. सगळी गोधडी. मी घाबरले. घाईघाईने धुतली आणि मागे जाळी सुकवायच्या दोरीवर टाकली, पाठ वर करून, म्हणजे चौकडे कोणाला दिसू नयेत. सासूबाई येईपर्यंत सुकेल असे वाटले.

त्या लवकर आल्या. संक्रांतीला मासे कोण घेतो, हे मी विसरले होते.

त्यांनी दोरीकडे बघितले आणि मला अशी हाक मारली की शेजारची दोन कुत्री उठून गेली. मी बाळाला घेऊन दारात उभी राहिले. शिव्यांची मी तयारी केली होती. तेवढ्यात त्यांना काहीतरी दिसले. चष्मा लावला, जवळ गेल्या. पाठीच्या पांढऱ्या तुकड्यांमध्ये एकच तुकडा पापडासारखा चुरमडून वर आला होता. बाकीचे सगळे एका बाजूने आटले होते, तो एकटा दुसऱ्या बाजूने. हात लावला तर दोन बोटे आखडला होता.

आता त्या सांगतात ते लिहिते.

सापडलं.

बायनं पाठीला कोरं कापड लावलं, न धुता. त्यातला एक तुकडा आडवा. पांढऱ्यात पांढरा, रेघ नाही, काही नाही. सुकं असेतो देवाला पण दिसणार नाही. धुतलं की कोरं कापड आटतं आणि आडवं घातलेलं उलटं आटतं. म्हणजे पोरानं भिजवल्याशिवाय खोडी दिसणार नाही, आणि खोडी दिसल्याशिवाय मी पोराला त्यावर घालणार नाही. दोन्ही कडनं बांधून ठेवलं मना. काय बाई होती. मी दोरीपाशी उभी राहून हसले. मग बसले.

पण सापडलं ते सापडलं. नातवानं शोधलं, नातू माझा, म्हणजे मीच शोधलं. (मी शोधलं असे कोणी म्हणत नाही.) मी हरले की बायला एक पापलेट द्यायची. बाय हरली की ती नारळाच्या वड्या द्यायची. पांढऱ्या, रंग न घातलेल्या, वेलची कमी. तुमच्या घरची ती उधारी आहे. वड्या पाठवा. चाळीतल्या बायांकडून करून नाही चालणार. हरली ती हरली, तिच्या घरातनंच आल्या पाहिजेत.

(काका, बाळ आत्ता त्यावर निजले आहे. मी तुम्हाला एक विचारते. मागे खोडी होती, तर मग पुढचे ते आडवे ठिगळ काय होते? मावशीने दोन घातल्या असतील ना? एक फसवायला? सासूबाईंना त्यातले अजून काही माहीत नाही. लाडवाचे पत्र मी चुलीत घातले.)

शांती


लालबाग,
२१ जानेवारी

पुतळाबाईंना आणि सौ. शांतीबाईंना नमस्कार.

आज शुक्रवार. संपाला वर्ष झाले. चाळीतले पुरुष सभेला गेले आहेत, बायका सातव्या खोलीत हळदीकुंकवाला. मजल्यावर मी एकटा आहे.

आपले पत्र मी जॉबरांना दाखवले. पाठीकडे तुमच्यापैकी कोणीच कसे पाहिले नाही, असे विचारले. त्यांनी पत्र घडी घालून परत दिले आणि म्हणाले, "कोरा कापड आमी धुवन बघनंव नाय. तां गिऱ्हायकान बघूचा." मग उठून घरी गेले. संध्याकाळी भिंतीपलीकडून लक्ष्मीवहिनींच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. त्यांच्याकडे चहा सुरू झाला आहे.

कमल कोरे कापड धुतल्याशिवाय कधी सुई लावत नसे. शर्टाचे कापडसुद्धा आधी एक रात्र भिजत घालायची, त्यावरून मी एकदा बोललो होतो, कारण दिवाळीला शर्ट मिळाला नव्हता. म्हणून पाठीचे काम तिने मुद्दाम केले, याबद्दल मला शंका नाही.

सौ. शांतीबाईंनी विचारलेल्या पुढच्या आडव्या ठिगळाबद्दल. हे वाचून दाखवायचे की नाही, ते त्यांनीच ठरवावे. दुसरे तसेच असेल किंवा नसेल. पाठ तिने आधी केली होती, तेव्हा ती बरी होती. चौथी ओळ ऑगस्टमधली आहे. तेव्हा तिचे डोळे पिवळे झाले होते आणि ती शिवताना मधेच हात मांडीवर ठेवून बसायची. मी वर्तमानपत्र वाचत असे. तिने पुतळाबाईंना फसवायला लावले की तिच्या हातून तसे झाले, हे मला सांगता येत नाही. आपण फसवायला लावले असे धरावे. मीही तसेच धरायचे ठरवले आहे.

वड्यांबद्दल. लक्ष्मीवहिनी करून देते म्हणाल्या, मी आपली अट सांगितली. त्यांनी प्रमाण सांगितले आणि गेल्या. काल पहिला घाणा केला. तो ताटाला बसला, सुटला नाही. आज सकाळी ताट भिजत घातले. साखर अर्धी राहिली आहे, तेवढ्यात होईल. वेलची कमी घालतो. वड्या पडल्या तर रविवारी मी स्वतःच घेऊन येईन. जगदीशला पाठवत नाही, तो वाटेत खाईल.

पत्र इथे संपवतो. दुसरा नारळ फोडला आहे. पाणी वाटीत काढून ठेवले. विळीची खवणी बोथट आहे पण चालते. आता खवायला बसतो.

चिंतामणी आरोंदेकर